केशरबाईंची बिनकुलपाची पेटी

केशरबाईंचं माहेर शनीचं शिंगणापूर. एवढं कळलं की श्रीरामपुरातली कुठलीही बाई हातातलं काम थांबवून एकच प्रश्न विचारायची, की खरंच का हो तुमच्या घराला दार नव्हतं? नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, दार नव्हतं. कुत्रं शिरू नये म्हणून एक फळी आडवी टेकवलेली असायची. पाहुणा आला की त्यानंच ती उचलायची, बाजूला ठेवायची आणि आत येऊन बसायचं. चोरानं चोरी केलीच तर त्याला गावाची शीव ओलांडता येत नाही, हे तिथल्या पोरांना बाराखडीच्या आधी शिकवतात. केशरबाईंनी कुलूप जवळून पाहिलं ते लग्नात, सासरच्या ट्रंकेला लावलेलं. त्यांना तो दागिना वाटला होता.

आणि नशिबी नवरा आला तो रंगनाथराव. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून, आणि कुलपांवर जीव. घराला दोन कुलपं, कपाटाला एक, सायकलीला एक, आणि या सगळ्यांच्या जादा किल्ल्या ज्या डब्यात ठेवलेल्या त्या डब्यालाही एक. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन चौथ्यांदा ओढायचे. कितीदा तर केशरबाई घरात असताना सवयीनं बाहेरून कुलूप घालून बाजारात जायचे आणि आल्यावर म्हणायचे, "अगं, मला वाटलं तू शेजारी गेलीस." चोवीस वर्षांत हे इतक्या वेळा झालं की केशरबाईंनी त्याचा किस्साच करून टाकला होता. हळदीकुंकवाला तो सांगितला की बायका डोळ्यांना पदर लावून हसायच्या.

केशरबाई स्वतः साड्यांना फॉल-पिको करायच्या. त्यांचं मशीन ज्या ओट्यावर, त्याला लागून प्रज्ञाचा टायपिंग क्लास. प्रज्ञा भाऊसाहेबांची थोरली मुलगी, बी.एस्सी. झालेली. बारा टाइपरायटर आणि एक कॉम्प्युटर एवढ्या फौजेवर तिनं नव्याण्णव साली, पावसाळा संपता संपता, श्रीरामपुरात इंटरनेट आणलं. त्याचा फोन लागताना आधी टुकटुक व्हायची, मग घशात काही अडकल्यासारखी घरघर, मग एक लांबलचक किंकाळी, आणि मग एकदम शांत. पहिल्या आठवड्यात शेजारचा गिरणीवाला हातातली पिठाची पाटी न ठेवताच आत आला आणि हळूच विचारून गेला, की कोणाच्या अंगात येतं का इथं.

केशरबाईंना इंटरनेटची गरज पडली ती मुलामुळे. गोरक्षनाथ, म्हणजे घरचा गोरख, मस्कतला एका कंपनीत फिटर होता. त्यानं कळवलं, आता कागदी पत्र नको, ईमेल कर. केशरबाई पिको मारायची साडी खांद्यावर टाकूनच प्रज्ञाच्या कॉम्प्युटरपुढं बसल्या.

"मावशी, इथं एक गुप्त शब्द टाका. मी तिकडं तोंड करते," प्रज्ञा म्हणाली.

"तिकडं कशाला? म्या काय लुगडं बदलतीय व्हय?"

"तो शब्द दुसऱ्याला कळता कामा नये. कळला तर कोणीही तुमच्या पेटीत शिरून पत्रं वाचेल."

"वाचू दे की. माज्या गोरखनं काय कुनाच्या घरात फोडाफोडी केलीय?"

"अहो, कुलूप आहे ते. पेटीचं."

इथं बाई अडल्या. कुलूप म्हणजे देवाला सांगणं की तुझ्यावर आमचा इस्वास न्हाई, असं त्यांचं सरळ म्हणणं. शेवटी मशीन शब्द घेतल्याशिवाय पुढं जाईना, तेव्हा त्यांनी 'उघडा' हा शब्द टाकला. इंग्रजी लिपीतली सहा अक्षरं त्यांनी एका बोटानं आणि इतक्या मोठ्या आवाजात टाकली, की मागं टायपिंग शिकणाऱ्या आठही पोरींची ती पाठ झाली. प्रज्ञानं कपाळावर हात मारला.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. रोज सकाळी दहाला केशरबाई यायच्या आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या. जेवलास का, कुठं जेवलास, काय जेवलास. गोरख पंधरा दिवसांनी एका ओळीत उत्तर द्यायचा, की जेवलो. पण बाईंना आता त्या पडद्याची गोडी लागली होती. उत्तर येवो न येवो, त्या लिहायच्या. चोवीस वर्षांत 'केशर' असं एकटं नाव कुठं लिहिलं नव्हतं, रेशनकार्डावरसुद्धा मागं रंगनाथ होतेच. इथं मात्र पेटीच्या माथ्यावर फक्त केशर.

मग एके सकाळी गोरखचं पत्र आलं ते उघडलेलंच. न वाचलेलं पत्र पडद्यावर ठळक काळ्या अक्षरांत दिसतं, वाचलं की अक्षरं बारीक होतात. हे पत्र आधीच बारीक झालेलं होतं.

"तुम्हीच काल उघडलं असेल," प्रज्ञा म्हणाली.

"काल म्या सोनईला हुते. लग्नाला. तूच तर माजं मशीन झाकून ठिवलंस."

ते तेवढ्यावर राहिलं. पुढच्या आठवड्यात केशरबाई गोरखला लिहीत होत्या, 'घरी सगळं ठीक. वडील बरे आहेत. फक्त', आणि तेवढ्यात लाइट गेली. त्यांना पुढं लिहायचं होतं, की फक्त वडील आता दुधाच्या पातेल्यालाही कुलूप घालायच्या बेतात आहेत. दुसऱ्या दिवशी येऊन अर्धवट पत्रांचा कप्पा उघडला तर वाक्य पूर्ण झालेलं होतं.

'फक्त घरात दिवसभर कोणाचा आवाज येत नाही.'

केशरबाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांनी लिहिलं नव्हतं. पण खोटंही नव्हतं. गोरख गेल्यापासून घरात दिवसभर फक्त भिंतीवरचं घड्याळ बोलायचं, आणि ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ, रंगनाथरावांजवळसुद्धा, कधी काढली नव्हती.

रंगनाथरावांचं निदान तयार होतं. "भानामती आहे. लिंबू ठेव त्या मशिनवर."

आता प्रज्ञाचे वडील, भाऊसाहेब, पक्के विज्ञानवादी. त्यांच्या घरात भूत हा शब्द निघाला तर ते भरल्या ताटावरून उठायचे. त्यांच्या मुलीच्या कॉम्प्युटरवर लिंबू ठेवायचं म्हणजे नवंच संकट. प्रज्ञानं लिंबू घेतलं, त्याचं सरबत केलं, अर्धं मावशींना दिलं आणि शांतपणे त्या पत्राची वेळ तपासली. वेळ होती रात्री दोनची. क्लासला तेव्हा बाहेरून शटर होतं आणि फोनची तार काढून तिनं स्वतः खणात ठेवली होती. सरबताचा पेला तिनं न पिताच खाली ठेवला.

चार दिवसांनी त्याच कप्प्यात एक नवं पत्र दिसलं. कोणाला पाठवायचं ती जागा रिकामी होती. आत तीन ओळी होत्या.

'दार उघडं होतं म्हणून आत आले. रागावू नका. मी काही घेतलं नाही.'

क्लासमध्ये त्या वेळी दोघीच होत्या. बारा टाइपरायटर काळी आवरणं घालून ओळीनं बसले होते, आणि केशरबाईंना पहिल्यांदाच वाटलं की ते ऐकताहेत.

"मावशी, आत्ताच्या आत्ता तो शब्द बदला," प्रज्ञा म्हणाली.

"बाई दारात उभी हाय आन तिच्या तोंडावर दार लावू?"

"बाई कशावरून?"

"'आले' म्हनतीय की. बाप्या असता तर 'आलो' म्हनला असता." आणि केशरबाईंनी खुर्ची पुढं ओढली. दारात आलेल्या बाईला पहिलं काय विचारायचं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. एका बोटानं त्यांनी त्या तीन ओळींखाली लिहिलं, 'पानी घेतीस का?'

दुसऱ्या दिवशी खाली एकच शब्द होता. 'हो.'

कोणाचं घर, कसलं पाणी, आणि कोण प्यालं. पण त्या 'हो'नं केशरबाईंच्या अंगावर जो काटा आला, तो त्या नंतरही दंडावर हात फिरवून दाखवायच्या.

मग रोजचं सुरू झालं. आपण झोपतो तेव्हा ती लिहायची, ती झोपते तेव्हा केशरबाई. वाचून झालं की ती जुन्या सगळ्या ओळी पुसून टाकायची, त्यामुळे रोज सकाळी पान कोरं आणि त्यावर ताज्या चार ओळी. तिचं नाव अनन्या. अमेरिकेत होती, गावाचं नाव सांगत नव्हती. बाहेर बर्फ असतो म्हणायची. केशरबाईंनी विचारलं, बर्फात चालताना काय पायात घालतीस? तिनं लिहिलं, 'माहीत नाही. मी बाहेर गेले नाही.'

हळूहळू कळत गेलं. नवरा कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायचा. बाहेरचं ते कुलूप त्यानं मुद्दाम बसवून घेतलं होतं. फोनचं हातात धरायचं यंत्रच तो बॅगेत घालून नेई. भिंतीतली तार तेवढी उरायची, ती ही कॉम्प्युटरला जोडायची. तिची स्वतःची ईमेल पेटी तो रोज संध्याकाळी उघडून वाचायचा. तिनं चोरून दुसरी पेटी काढली होती, ती त्याला आठव्या दिवशी सापडली. त्या दिवशी काय झालं ते तिनं लिहिलं नाही. 'त्यानंतर माझ्या नावाचं काही उघडायची भीती वाटते,' एवढंच लिहिलं.

"पण आमच्या मावशींचं घर तिला सापडलं कसं?" हा प्रश्न प्रज्ञाला गप्प बसू देत नव्हता. अनन्यानं सांगितलं तेव्हा प्रज्ञाला हसावं की रडावं कळेना. एका मराठी संकेतस्थळावर पाहुण्यांसाठी वही होती. येणाऱ्यानं नाव, पत्ता आणि दोन शब्द लिहायचे. केशरबाईंनी तिथं ईमेलचा पत्ता दिला होता आणि त्यापुढं लिहिलं होतं, 'दाराचा शब्द उघडा. कधीबी या.'

"अगं, पत्ता दिला तर आत कसं यायचं ते नको सांगाया?" केशरबाई म्हणाल्या.

ती वही जगभर पसरलेल्या किती मराठी माणसांनी वाचली असेल देव जाणे. शिरली ती ही एकटी.

"तुझ्या आईला कळवू का?" केशरबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नाही आलं. 'आई आधी त्यालाच फोन करून विचारेल. तो फार गोड बोलतो. मग तो माझ्याकडे वळेल.' माहेर कुठलं तेही तिनं सांगितलं नाही. तिनं मागितलं ते एकच. 'मावशी, तुम्ही कुलूप लावू नका. माझं जायचं ठिकाण एवढंच आहे.' केशरबाईंनी शनिदेवाची शपथ घालून लिहिलं, न्हाई लावनार.

त्या दिवसापासून रंगनाथरावांच्या किल्ल्यांचा आवाज त्यांच्या कानात राहायला लागला. कुलूप ओढायचा तो खटका, एक, दोन, तीन, मग पावलं, मग चौथा. एका हळदीकुंकवाला बायकांनी तो जुना किस्सा सांगायचा आग्रह धरला. केशरबाई म्हणाल्या, आज घसा बसलाय.

जानेवारीत एका मंगळवारी पानावर ओळी होत्या, 'मावशी, आज फार थकलो आहे. तुमचा फोन नंबर द्या ना. तुम्ही घरी एकट्याच असता का?'

केशरबाई वाचता वाचता थांबल्या. मग खुर्ची मागं सरकवून उभ्या राहिल्या, जणू पडद्यातून कोणी हात बाहेर काढणार होतं.

"काय झालं?" प्रज्ञानं विचारलं.

"ही ती न्हाई."

"म्हणजे?"

"'थकलो' लिवलंय."

प्रज्ञा वाकून बघायला लागली. इंग्रजी लिपीत 'थकले' आणि 'थकलो' यांत फरक शेवटच्या एका अक्षराचा. "चुकून पडलं असेल मावशी. आणि कोल्हापूरकडच्या बायका म्हणतात की, मी आलो, मी जेवलो."

"दीड म्हैना 'आले-गेले' लिवत हुती आन एका रातीत कोल्लापूरची झाली व्हय?"

प्रज्ञानं बोटं कीबोर्डवर टेकवून बघितली. टायपिंग शिकवणाऱ्या बाईला आणखीही एक गोष्ट दिसली होती. 'ई'चं बटण डाव्या हाताच्या बोटाला येतं, 'ओ'चं उजव्या. चुकून बोट घसरलं तर शेजारी घसरतं, पार दुसऱ्या हाताकडं जात नाही. हे अक्षर घसरलं नव्हतं. लिहिणाऱ्याला तेच लिहायची सवय होती.

म्हणजे तो आत आला होता. तिच्या नावानं, तिच्या जागेवर बसून, तिच्यासारखं 'मावशी' म्हणत होता. आणि ती कुठं होती?

"कुलूप लावू या," प्रज्ञा म्हणाली.

"लावलं तर ती बाहेर राहील. न्हाई लावलं तर ह्यो आत राहतोय." केशरबाईंनी कपाळ पुसलं. "आन आपन वळखलं असं त्याला कळलं, तर त्यो पोरीला इचारील. काय करून इचारील कुनाला ठावं."

त्या दिवशी साडीचं एकही काम झालं नाही. दुपारी केशरबाई परत येऊन बसल्या आणि एखाद्या भाचीला लिहावं तशा लाडात लिहायला लागल्या. बाई, दमत जाऊ नको. कैऱ्या यायला अजून वेळ हाय, पन लिंबाचं लोनचं घातलंय. तू म्हनली हुतीस आईला एक बरनी पाठवा, पत्ता लिवलेला कागद माज्याकडून हरवला बघ. परत दे. फोन नंबर उद्या देते, शेजारनीला इचारून.

"देईल तो?" प्रज्ञाला शंका.

"देतोय. त्याला पक्कं वाटतंय, ही खेड्यातली म्हातारी हाय. शहान्या मानसाला तेवढं वाटलं का त्यो पुढचं बघत न्हाई."

बुधवारी सकाळी पानावर पत्ता होता. संगमनेर, गल्लीच्या नावासकट. खाली लिहिलेलं, 'आता नंबर द्या.' केशरबाईंनी उत्तरादाखल लिंबू चिरण्यापासून मीठ मुरेपर्यंतची संपूर्ण कृती लिहिली आणि शेवटी नंबर द्यायला विसरल्या. पोरीनं आईला सांगू नका म्हटलं होतं, ते त्यांच्या मनात होतंच. पण पत्ता पोरीनं दिलाच नव्हता. तो जावयानं दिला होता.

गुरुवारी त्यांनी लोणच्याची बरणी फडक्यात बांधली, चप्पल घातली आणि दाराला हात लावला तर दार बाहेरून बंद. रंगनाथराव भाजीला गेले होते.

केशरबाईंनी दार वाजवलं. मग हाक मारली. गल्लीत गिरणी चालू होती, त्या आवाजात त्यांची हाक घराच्या आतच फिरून परत आली. संगमनेरची एस.टी. साडेनऊची. खिडकीला गज. त्यांनी गज धरून बाहेर बघितलं. समोरून दोन ओळखीच्या बायका गेल्या, बोलत बोलत, आणि त्यांनी वर बघितलं नाही. घड्याळ वाजत होतं. त्या कॉटवर बसल्या, बरणी मांडीवर घेऊन. चोवीस वर्षांत त्या अशा कितीदा आत बसल्या होत्या आणि कितीदा ते हसण्यावारी नेलं होतं, ते एकेक मोजायला लागल्या.

पाऊण तासानं खटका झाला. "अगं, मला वाटलं तू—" रंगनाथराव म्हणाले, आणि त्यांना बायकोचा चेहरा दिसला. पिशवीतली मेथी त्यांच्या हातातच राहिली.

"एक पोरगी हाय," केशरबाई म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

रंगनाथराव कारकून माणूस, मध्ये मध्ये तारखा विचारत राहिले. मग त्यांनी मेथी ठेवली, दाराचं कुलूप काढलं, ते कुठं ठेवावं हे न सुचून कोटाच्या खिशात टाकलं आणि म्हणाले, "साडेदहाची गाडी मिळेल. बरणी मी घेतो." दार नुसतं लोटून दोघं निघाले. कोपऱ्यापर्यंत रंगनाथरावांनी तीनदा मागं वळून बघितलं, पण परत गेले नाहीत.

संगमनेरच्या घरी यज्ञेश्वर गुरुजी आणि अंबिकाबाई दोघंच राहत. गुरुजी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. लोणचं अमेरिकेतल्या लेकीच्या ओळखीतून आलंय कळल्यावर अंबिकाबाईंचा चेहरा फुलला. "आमची अनू ना? फार सुखात आहे हो. दर आठवड्याला पत्र येतं. जावई म्हणजे सोनं आहे नुसतं."

"हातानं लिवती?" केशरबाईंनी विचारलं.

"पूर्वी हातानं लिहायची. आषाढापासून कॉम्प्युटरवर छापून पाठवते."

गुरुजी उठले आणि पत्रांची फाइल घेऊन आले. त्यांच्या स्वरात लटका राग होता. "सुखात आहे, पण मराठी बिघडत चाललंय तिचं. हे बघा. 'मी बाजारात गेलो.' 'कालपासून जरा सर्दी झाली, झोपून राहिलो.' माझी मुलगी, आणि लिंगाचा घोळ करते. सगळीकडं खुणा करून ठेवल्यात. माहेरपणाला आली की समोर बसवून एकेक सुधारून घेणार आहे."

त्यांनी फाइल पुढं केली. पानापानावर लाल पेन्सिलीची गोल वर्तुळं होती, नीटनेटकी, एका मापाची.

केशरबाईंनी फाइल मांडीवर घेतली आणि एकेक वर्तुळ वाचत गेल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, ह्या चुका न्हाईत. लिवनाऱ्यानं त्याच्या परीनं बरोबर लिवलंय."

गुरुजींना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांनी फाइल परत ओढून घेतली, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. या वेळी त्यांचं बोट वर्तुळांवर थांबत नव्हतं, मधल्या ओळींवरून जात होतं. पाचव्या पत्राशी त्यांनी फाइल मिटली.

"हे काहीतरी भलतंच," अंबिकाबाई उठल्या. "थांबा, मी जावयांनाच फोन लावून विचारते."

त्यांचा हात फोनवर पडायच्या आधी केशरबाईंचा पडला. "बाई, हेच म्हनली हुती ती. आई त्यालाच इचारील म्हनली." आणि त्यांनी दीड महिन्याचं सगळं सांगितलं. बर्फ, तार, आठव्या दिवशी सापडलेली पेटी. अंबिकाबाई मध्येच म्हणत होत्या, नाही हो, तसं असतं तर बोलली नसती का. मग ते म्हणणं थांबलं.

गुरुजींचा पुतण्या केदार तिकडंच होता, अनन्याच्या घरापासून तीन तासांवर. फोन त्याला गेला. गुरुजी फोनवर व्याकरणशुद्ध बोलले, शांतपणे पत्ता सांगितला, केशरबाईंनी दिलेला क्लासचा नंबर सांगितला, पोलिसांना घेऊनच जा म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र त्यांनी लाल पेन्सिल उचलली आणि ती कुठं ठेवावी हे कळेना म्हणून हातातच धरून बसले.

पुढचे दोन दिवस केशरबाईंच्या आयुष्यातले सगळ्यांत विचित्र दिवस. त्याला संशय येऊ नये म्हणून त्या लिहीत राहिल्या. मोरावळा, सांडगे, कुरडया. पडद्यापलीकडं एक माणूस बाईच्या आवाजात 'हो मावशी', 'मग काय घालायचं मावशी' म्हणत होता, आणि इकडं त्या त्याला गूळ किती ते सांगत होत्या. आता तो 'आले', 'गेले' नीट लिहायला लागला होता. ते जास्त भयानक वाटायचं. शुक्रवारी त्यानं लिहिलं, 'मावशी, तुम्ही खूप चांगल्या आहात. मी एक दिवस नक्की तुमच्या घरी येणार.' प्रज्ञानं तो पडदा स्वतःच्या हातानं बंद केला आणि बाहेर ओट्यावर उन्हात जाऊन उभी राहिली.

शनिवारी पान कोरं होतं. कोणी लिहिलं नव्हतं, कोणी पुसलं नव्हतं. केशरबाई त्या कोऱ्या पानापुढं बसून राहिल्या. टायपिंगच्या पोरी आल्या, तासभर ठोकून गेल्या. गिरणी बंद झाली, परत सुरू झाली. रंगनाथराव दोनदा चक्कर मारून गेले, काही न विचारता.

साडेअकराला क्लासचा फोन वाजला. प्रज्ञानं घेतला, ऐकलं आणि केशरबाईंच्या हातात दिला.

पलीकडं समुद्रासारखी घरघर होती. "म्या केशर," त्या म्हणाल्या. क्षणभरानं त्यांचाच आवाज लांबून परत आला, म्या केशर. त्यांनी फोन कानापासून दूर केला, परत लावला.

"मावशी," कोणीतरी म्हणालं. बारीक, खरखरीत आवाज, फार दिवस वापरला नसावा असा.

दीड महिना रोज बोललेल्या पोरीचा आवाज कसा असेल याचा केशरबाईंनी विचारच केला नव्हता. "कुठं हायेस?" त्यांनी विचारलं.

"केदारदादाकडे. तो पोलिसांना घेऊन आला. मघाशी पोचले. वरच्या खोलीत आहे." मध्ये घरघर. "इथं दाराला आतून कडी आहे, मावशी. मी लावून घेतलीय. आतून. सगळे म्हणताहेत खाली ये, बैस. पण मला अजून उघडवत नाही. वाईट दिसतं का?"

चौकटीला दार नसलेल्या घरात वाढलेल्या केशरबाईंनी भिंतीला टेकून श्वास घेतला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे लावलेली. तुला वाटंल तवा काढ."

तेवढ्यात फोनमधून टकटक ऐकू आली. केशरबाईंनी फोन कानाशी दाबला. "कोन हाय?"

"थांबा हं," पोरगी म्हणाली. मग तिचा आवाज फोनपासून लांब गेला, दाराकडं, आणि तिनं विचारलं, "कोण?" पलीकडून एका बाईचा आवाज आला, अस्पष्ट, वहिनी म्हणाल्यासारखा, चहा म्हणाल्यासारखा. मग काहीच नाही. फक्त घरघर.

प्रज्ञा केशरबाईंच्या तोंडाकडं बघत होती. केशरबाईंनी बोट वर करून तिला थांबवलं. त्या ऐकत होत्या. बऱ्याच वेळानं, एवढ्या लांबून, जरा उशिरा, कडी सरकल्याचा आवाज श्रीरामपूरला पोचला.